हिल्माची गोळी

आमची मुलगी वेन्ला जर्मनीत राहते. तिने नवं घर घेतलं आणि फोनवर सहज म्हणाली, की या वेळी हिल्मालाही घेऊन या. लोकांनी हे सहज म्हणणं बंद केलं पाहिजे. हिल्मा ही आमची कुत्री. लॅपलंडकडच्या जातीची, केसाळ, वय सात, स्वभाव निवृत्त मुख्याध्यापिकेचा. नाव उर्पोच्या आत्याचं. आत्याला ते कळलं तेव्हा तिने दोन वर्षं नाताळचं कार्ड पाठवलं नाही, पण तोवर कुत्रीला नावाची सवय झाली होती. उर्पो हा माझा नवरा. तो बत्तीस वर्षं कागदाच्या गिरणीत होता. यंत्रांच्या खडखडाटात बोलून काही उपयोग नसतो, म्हणून त्याने बोलणं सोडलं, ते निवृत्त झाल्यावरही पुन्हा सुरू केलं नाही.

मी स्वतः इथे फिनलंडमध्ये, हाइनोलाच्या नगरपालिकेत एकतीस वर्षं बांधकामाचे परवाने दिले. कोणाचा व्हरांडा किती सेंटिमीटर पुढे येऊ शकतो हे माझ्या टेबलावर ठरत असे. त्यामुळे कागदपत्रांची मला कधीच धास्ती वाटली नाही. नीट वाचा, नीट भरा, खाली सही करा, इतकं सोपं असतं ते. काउंटरच्या आतल्या बाजूला बसून तरी तसंच वाटतं.

पहिली चूक माझीच झाली. ही बातमी मी सोसायटीच्या अंगणसफाईच्या दिवशी सांगितली. मे महिन्यात आमच्या इमारतीतले सगळे हातात खराटे घेऊन हिवाळ्यात बर्फावर पाय घसरू नये म्हणून टाकलेली खडी झाडून काढतात, मग सॉसेज भाजतात, आणि वर्षभर इमारतीच्या सौनात, म्हणजे वाफेच्या गरम खोलीत, शेजारी बसूनही एकमेकांशी जे बोलायचं राहून गेलेलं असतं ते त्या दोन तासांत उरकून घेतात. दुसऱ्या मजल्यावरची आऊने निवृत्त नर्स आहे. तिला प्रत्येक देश तिथल्या रोगावरून ओळखीचा आहे.

"अगं मार्केत्ता, गोचिडींचं काय करणार आहेस?" तिने खराटा भिंतीला टेकवला. "तिकडच्या गोचिडी आपल्यासारख्या साध्या नसतात. एक चावली की कुत्र्याला लाल लघवी सुरू होते, आणि आठवड्यात खेळ खलास."

तळमजल्यावरचा वोइत्तो दर हिवाळ्यात स्पेनला जातो आणि एप्रिलमध्ये भाजलेल्या सॉसेजच्या रंगाचा होऊन परत येतो. त्याने वाळूमाशीची हकिगत सुरू केली. ही माशी कुत्र्याला चावते, महिनोन्‌महिने काही कळत नाही, मग कातडी सोलवटते, नखं वाढतात आणि शेवटी मूत्रपिंडं जातात. त्याच्या तिकडच्या शेजारणीच्या कुत्र्याच्या तर भुवया गेल्या होत्या. कुत्र्याला भुवया असतात हे मला त्या दिवशी कळलं. मी नम्रपणे सांगितलं, की आम्ही स्पेनला नव्हे, जर्मनीला चाललो आहोत.

"माशीला सरहद्द कुठे दिसते?" वोइत्तो म्हणाला.

तोवर आऊनेला डास आठवला होता. इटलीकडचा एक डास कुत्र्याच्या रक्तात जंत सोडतो आणि ते हृदयात जाऊन शेवयांसारखे वाढतात. हे तिने सांगितलं तेव्हा मी तोंडात सॉसेजचा घास घेतला होता. वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी लाटव्हियाच्या जंगलातल्या पिसाळलेल्या कोल्ह्यांचा विषय काढला, आणि अंगण अर्धंच झाडून झालेलं असताना आमची हिल्मा चार देशांत चार वेगवेगळ्या प्रकारे मेली. हिल्मा तेव्हा सॉसेजच्या शेगडीखाली बसली होती आणि तिची प्रकृती उत्तम होती.

घाबरलेल्या माणसाला दुकानदार लगेच ओळखतो. मी माशा पळवणारा पट्टा आणला, गोचीड उपटायचा चिमटा आणला, आणि हिल्माच्या पिंजऱ्यावर घालायला मच्छरदाणी शिवली. त्या पट्ट्याच्या वासाने माशांचं काय झालं माहीत नाही, पण उर्पो आठ दिवस शिंकत होता.

मग पासपोर्ट. कुत्र्याचा पासपोर्ट निळा असतो आणि माणसाच्या पासपोर्टपेक्षा त्यात जास्त पानं असतात, कारण माणसाला कोणी जंत विचारत नाही. त्यात फोटोसाठी एक चौकट आहे. फोटो लावलाच पाहिजे असं नाही, असं आमच्या पशुवैद्याने सांगितलं. पण छापील चौकट रिकामी ठेवणं माझ्याच्याने होत नाही. सुपरमार्केटमधल्या फोटोच्या खोक्यात उर्पो हिल्माला मांडीवर घेऊन बसला. चार वेळा फोटो काढले. सर्वांत चांगल्या फोटोत हिल्माचा एक कान आणि उर्पोची हनुवटी आली होती. शेवटी चौकट रिकामीच राहिली. मला ते अजून सलतं.

त्यानंतर चिप तपासायची होती. पिल्लू असताना मानेत टोचलेली चिप, तिच्यावर यंत्र धरलं की नंबर दिसतो. यंत्र धरलं, काही दिसलं नाही. मानेवर नाही, पाठीवर नाही, खांद्यावर नाही. पशुवैद्य म्हणाला, चिप सापडली नाही तर कायद्याच्या दृष्टीने ही कुत्री कोण हे सांगता येणार नाही. मी म्हटलं, ही हिल्मा आहे. तो म्हणाला, तुम्ही म्हणता म्हणून. एकतीस वर्षं लोकांशी मी अगदी ह्याच सुरात बोलत आले होते, आणि तो सूर ऐकायला किती वाईट लागतो हे मला त्या टेबलापाशी पहिल्यांदा कळलं. चिप अखेर डाव्या कोपरात सापडली. सात वर्षांत ती मानेतून चालत चालत तिथे गेली होती.

चिप मिळाली तर रेबीजच्या लशीची मुदत संपलेली निघाली. चार दिवसांपूर्वी. चार दिवसच तर झालेत, असं मी म्हणून पाहिलं, आणि म्हणता म्हणताच मला लाज वाटली. नव्याने टोचायची आणि एकवीस दिवस थांबायचं असा नियम. तेवढ्यात जहाजावरच्या कुत्रेवाल्या खोल्या भरून गेल्या. जूनची तिकिटं अशी ऑगस्टवर गेली. वेन्ला म्हणाली, आई, राष्ट्राध्यक्षसुद्धा याहून लवकर येतात.

ऑगस्टमध्ये पोचलो एकदाचे. वेन्लाचं घर दक्षिणेकडे डोंगरात आहे. तिचा नवरा गेरोल्ड शाळेत जीवशास्त्र शिकवतो, म्हणजे त्याला सांगायची सवय आहे. दुसऱ्या दिवशी तो आम्हाला जंगलात फिरायला घेऊन गेला. वाटेच्या कडेला ब्लूबेऱ्यांची झुडपं दिसली. आता ब्लूबेऱ्या दिसल्यावर आमच्याकडचा माणूस काय करतो? वाकतो आणि खातो. मी मूठभर तोंडात टाकल्या आणि मागे गेरोल्ड ओरडला.

"मार्केत्ता, थुंका. आधी थुंका, मग सांगतो."

मी जावयासमोर थुंकले. ही गोष्ट लिहितानाही मला बरं वाटत नाही. मग त्याने सांगितलं. त्यांच्या डोंगरातल्या कोल्ह्यांच्या पोटात एक बारीक पट्टकृमी असतो. कोल्ह्याच्या विष्ठेतून त्याची अंडी पडतात, जमिनीलगतच्या फळांना चिकटू शकतात, आणि माणसाच्या पोटात गेली तर यकृतात जाऊन बसतात. दहा-पंधरा वर्षं पत्ता लागत नाही. लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. धोका तसा कमी, पण कशाला घ्या, म्हणून जंगलातली बेरी ते न धुता खात नाहीत.

"तुमच्या फिनलंडमध्ये हा जंत नाही," गेरोल्ड म्हणाला. "म्हणून तर गोळी दिल्याशिवाय ते कुत्र्याला आत घेत नाहीत. उंदीर खाल्ला की कुत्र्याला होतो. कुत्र्याला स्वतःला काहीच त्रास नाही, तो नुसता वाटत फिरतो."

मी गप्प झाले, आणि मी गप्प झाले म्हणून उर्पोने माझ्याकडे वळून पाहिलं. आमच्या फ्रीझरमध्ये दर वर्षी चाळीस लिटर ब्लूबेऱ्या असतात. चौथ्या वर्षापासून मी जंगलात गुडघ्यांवर बसून त्या खात आले आहे. माझी आई खायची, वेन्ला खायची. न धुता, निळ्या तोंडाने, कोणालाही न विचारता. आमच्या त्या जंगलात बेरी तोंडाशी नेताना माणसाला भीती वाटावी, आणि ती भीती कोणीतरी एकाने गाडीच्या मागच्या सीटवरून आणलेली असावी, ही कल्पनाच मला सहन होईना.

आणि नेमक्या त्या क्षणी हिल्मा झुडपातून बाहेर आली. तिच्या तोंडातून एक शेपूट लोंबत होती. मी "टाक" म्हणेपर्यंत शेपूटही आत गेली.

त्यानंतरचे दहा दिवस मी सुट्टीवर नव्हते. हिल्मा अंगणात गेली की मी तिच्या मागे पिशवी घेऊन धावत होते. तिच्याकडे कोणी जवळ गेलं तर हात धुवायला लावत होते. गोळीचा नियम मी इतका वाचला, की वेन्लाने कागद लपवून ठेवला. गोळी पशुवैद्यानेच द्यायची, वेळ पासपोर्टात लिहायची, आणि देशात शिरण्याआधी किमान चोवीस तास आणि जास्तीत जास्त एकशे वीस तास झालेले असले पाहिजेत. जहाज रविवारी सकाळी नऊला हेलसिंकीला लागणार. मी तास मोजले. मग लक्षात आलं, की जर्मनीचं घड्याळ फिनलंडपेक्षा एक तास मागे आहे. ते तास मी पुन्हा मोजले, एकदा जर्मन वेळेने आणि एकदा फिनिश. बुधवार दोन्ही हिशेबांत बसला.

बुधवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी तिथल्या पशुवैद्य बाईंनी दीड गोळी लिव्हर सॉसेजमध्ये दाबून हिल्मापुढे धरली. हिल्माने सॉसेज चाटून खाल्लं आणि गोळी तशीच टेबलावर ठेवली. दुसऱ्यांदा तेच. मग बाईंनी तिचा जबडा उघडला, गोळी जिभेच्या मुळाशी ठेवली आणि तोंड मिटून गळा चोळला. हिल्माने गिळल्यासारखं केलं. मी तिला म्हटलं, शीक जरा उर्पोकडून, रोज सकाळी माझ्या हातून रक्तदाबाची गोळी घेतो, तोंड वाकडं करत नाही. उर्पो भिंतीवरचं मांजरांच्या दातांचं चित्र पाहत होता. बाईंनी पासपोर्टात वेळ लिहिली, शिक्का मारला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा माझे खांदे खाली आले.

शनिवारी दुपारी, जहाज समुद्राच्या मध्यावर असताना, मी खोलीत हिल्माची गोधडी झटकली. तिच्यातून एक गोळी पडली.

पांढरी होती. अर्धी विरघळलेली, चिकट, तिला हिल्माचे केस लागलेले. मी ती कागदी रुमालावर घेतली आणि पलंगावर बसले. हिल्माने गोळी गालात धरून ठेवली होती. बुधवारपासून. मी उर्पोला दाखवली. त्याने ती नीट पाहिली. मग खिडकीबाहेर पाहिलं.

"समुद्रात टाक," तो म्हणाला.

चाळीस वर्षांच्या संसारात मला या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता. हिने उंदीर खाल्लाय, मी म्हटलं. माझ्या डोळ्यांदेखत खाल्लाय. पासपोर्टात शिक्का आहे, पण शिक्क्याने जंत मरत नाही. उद्या ही खाली उतरणार, पहिल्या गवतावर बसणार, आणि तू म्हणतोस समुद्रात टाक? उर्पो म्हणाला, काही होणार नाही. त्याला कसं माहीत, हे मी विचारलं. त्यावर तो कॉफी आणायला गेला आणि दोन तासांनी परत आला.

आता काही करताही येत नव्हतं. जहाजावर पशुवैद्य नव्हता, आणि असता तरी चोवीस तास उरलेच नव्हते. मी रुमालाची पुडी करून पर्समध्ये ठेवली. मी ठरवलं होतं.

रविवारी सकाळी गाड्या जहाजातून उतरू लागल्या. पुढे रस्ता फुटतो. काही सांगायचं नसेल तर हिरवी रांग, सांगायचं असेल तर लाल. आमच्या पुढच्या सगळ्या गाड्या हिरव्या रांगेत गेल्या. उर्पोने फाट्यावर गाडी थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मार्केत्ता," तो म्हणाला.

"लाल," मी म्हटलं.

तो हलेना. मागे गाड्या थांबल्या. आमच्याकडे हॉर्न वाजवत नाहीत. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, आणि ते जास्त वाईट असतं. शेवटी त्याने गाडी लाल रांगेत, तपासणीच्या शेडमध्ये घेतली.

तिथला अधिकारी साठीला टेकलेला होता. लाल रांगेत बहुधा बराच काळ कोणी आलं नसावं, कारण तो टोपी शोधत बाहेर आला. दारू किती आहे, त्याने विचारलं. मी म्हटलं, दारू नाही, कुत्री आहे. त्याने चिप तपासली. डाव्या कोपरात बघा, मी सांगितलं. पासपोर्ट पाहिला, बोटावर तास मोजले आणि म्हणाला, सगळं व्यवस्थित आहे, जा तुम्ही.

"व्यवस्थित नाही," मी म्हटलं, आणि पुडी उघडून त्याच्यासमोर धरली.

त्याने पुडीकडे पाहिलं, मग शिक्क्याकडे. कागदानुसार तुमच्या कुत्रीने गोळी घेतलेली आहे, तो म्हणाला. कागदानुसार घेतली आहे, पण घेतलेली नाही, मी म्हटलं. तो म्हणाला, बाई, मी कागद तपासतो. त्याचा चेहरा मी ओळखला. समोरचा माणूस खरं सांगतोय, पण ते लिहायला फॉर्मवर रकानाच नाही, तेव्हाचा तो चेहरा. माझाही तसाच होत असे. म्हणून मी त्याला पळवाट दिली नाही. मी म्हटलं, तुमच्या घरी ब्लूबेऱ्या कुठून येतात?

त्याने पासपोर्ट मिटला. मग त्याने पशुवैद्याला फोन लावला.

डॉक्टर यायला पाऊण तास लागला. रविवार होता, त्या थेट जंगलातून आल्या होत्या. पायांत रबरी बूट, बोटं निळी. त्या बोटांकडे पाहून मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. मी सगळं सांगितलं, उंदराच्या शेपटीपासून. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बरं केलंत सांगितलंत. परत गोळी द्यावी लागेल, आणि एक दिवस कुत्रीला इथे बंद ठेवावं लागेल. मग त्यांनी पुडीतली गोळी चिमट्याने उचलली, नळाखाली धरली, केस काढले आणि उजेडात फिरवून पाहिली.

"ही कुत्र्याची गोळी नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मग कोणाची?

"यावर अक्षर कोरलंय. माणसाचं औषध आहे हे. रक्तदाबाचं असावं." त्यांनी हिल्माकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज बदलला. "हे कुत्रीच्या गोधडीत आलं कसं? हिने अशा किती खाल्ल्यात? किती दिवस? हे नीट आठवून सांगा, यात कुत्र्याचा जीव जाऊ शकतो."

मी हिल्माला जवळ ओढलं. मला काही माहीत नाही, मी म्हणत होते, मला खरंच काही माहीत नाही. तेव्हा गाडीचं दार उघडलं आणि उर्पो खाली उतरला. त्याने टोपी काढली.

"तिने एकही खाल्लेली नाही," तो म्हणाला. "माझ्या आहेत. मी टाकतो त्या."

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला.

"गालात धरतो. मग कॉफी पितो. मग संडासात जाऊन थुंकतो. काल संडासात ही होती, म्हणून गोधडीखाली ठेवली. नंतर काढायची राहिली."

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"युहान्नुसपासून."

युहान्नुस म्हणजे आमचा जूनच्या उत्तरार्धातला सण. तेव्हापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत. रोज सकाळी मी त्याच्या तळहातावर गोळी ठेवत होते, आणि रोज सकाळी तो मान डोलावून माझ्यासमोर गिळल्यासारखं करत होता. फेब्रुवारीत बर्फ काढताना तो फावडं धरून खाली बसला होता आणि मला उठवता आलं नव्हतं, त्यानंतर मिळालेल्या गोळ्या होत्या त्या. तीन महिने मी गोचिडी मोजल्या, डास मोजले, जर्मन वेळ आणि फिनिश वेळ मोजली. ज्याच्यासाठी घाबरायला हवं होतं तो माझ्या शेजारी बसून गाडी चालवत होता. मला राग आला का? आला. पण त्याच्या आधी भीती वाटली, इतकी, की मला अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसावं लागलं.

का, एवढंच मी विचारलं.

उर्पोने टोपी हातांत फिरवली. ती घेतली की सौनात चक्कर येते, तो म्हणाला. वरच्या फळीवर, खऱ्या वाफेत, बसवत नाही. शनिवारी पुरुषांच्या वेळेला सगळे वर बसतात. वोइत्तो वर बसतो, तो तर अठ्ठ्याहत्तरचा आहे. आपण एकट्याने खालच्या फळीवर बसायचं, लहान मुलांच्या जागी?

हे त्याने दोन अनोळखी माणसांसमोर सांगितलं, आणि कुत्रीसमोर. अधिकाऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. तो स्वतः त्या वयाचा होत आला होता.

डॉक्टर म्हणाल्या, ही जर तुमची, तर कुत्रीची गोळी पोटातच आहे आणि कागद खरा आहे. कुत्री जाऊ शकते. तुम्ही मात्र उद्या तुमच्या डॉक्टरांना भेटा आणि चक्कर येते हे त्यांना सांगा. दुसरं औषध असतं. ते विचारायला हवं होतंत. आजची घेतलीत का? उर्पोने नाही म्हटलं. मी पर्समधून डबी काढली. अधिकाऱ्याने पेल्यात पाणी आणलं. उर्पोने गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायला.

"तोंड उघडा," अधिकारी म्हणाला.

उर्पोने उघडलं. अधिकारी वाकला, आधी डावा गाल पाहिला, मग उजवा, मग जीभ वर करायला सांगितली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "तुम्ही देशात येऊ शकता."

सोमवारी डॉक्टरांनी औषध बदललं, पण पहिले काही महिने सौनात खालीच बसा, आणि बसाच, असं सांगितलं. मी त्याची शनिवारची पुरुषांची वेळ बंद केली आणि सोसायटीच्या वहीत आम्हा दोघांसाठी गुरुवारची वेळ लिहून घेतली. पहिल्या गुरुवारी मी आधी जाऊन खालच्या फळीवर बसले. तो आला, वर पाहिलं, आणि माझ्या शेजारी बसला. इथेही गरम होतं, तो बऱ्याच वेळाने म्हणाला.

सौनातून येताना जिन्याखाली वोइत्तो आणि आऊने उभे होते. आमच्या गुरुवारची बातमी पोचलीच होती. उर्पो शनिवारी का येत नाही, वोइत्तोने विचारलं. तब्येत बरी नाही का? उर्पो माझ्या मागे टॉवेल घेऊन उभा होता, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला न पाहताही कळल्या.

मी काय बोलणार हे मलाच माहीत नव्हतं. एका गोळीसाठी मी सरकारला रविवारी कामाला लावलं होतं.

"माझा गुडघा," मी म्हटलं. "मला आता खालच्या फळीवरच बसता येतं, आणि एकटीला करमत नाही. म्हणून याला घेऊन बसते."

अगं मग आधी नाही का सांगायचंस, आऊने म्हणाली, आणि तिने मला बर्चच्या पानांचा लेप सांगितला. वोइत्तोने स्पेनमधला एक मालीशवाला सांगितला. गुडघ्यातून पुढे काय काय होतं, ते आऊनेने पंधरा मिनिटं समजावलं. मी सगळं ऐकून घेतलं. मग उर्पोने माझ्या हातातली सौनाची बादली काढून घेतली आणि कोणी विचारलेलं नसताना तो बोलला.

"तिला पायऱ्या चढायला त्रास होतो," तो म्हणाला, आणि मला हात दिला.

ते दोघे खालून पाहत होते. मला तिसऱ्या मजल्यापर्यंत लंगडत जावं लागलं.